हात पाठीमागे ठेवणाऱ्या वैभवी मॅडम

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ माननीय रुपरावजी. मुलीच्या निरोपाला प्रमुख पाहुण्या म्हणून बसण्याचा अवघड मान ज्यांच्या वाट्याला आला त्या वंदनाताई. आजच्या सत्कारमूर्ती, वयाने आमच्या नातवंडांच्या जवळच्या पण अधिकाराने आमच्या गुरू असलेल्या वैभवी मॅडम. साठी उलटल्यावर पुन्हा बाकावर बसलेले माझे सर्व सहाध्यायी. आणि आलूबोंड्याचा वास येऊनही अजून जागेवर बसून असलेल्या हुडकेश्वरच्या सुज्ञ बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम, नमस्कार आणि राम राम.

मी देवाजी गजभिये. एसटीतला निवृत्त वाहतूक नियंत्रक. बसस्थानकावरच्या त्या जाळीच्या खोलीत माईकसमोर माझी हयात गेली. ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ या वाक्याने मी जितक्या लोकांची झोपमोड केली तितकी कोंबड्यानेही केली नसेल. त्यामुळे माईक हातात आला की आजही मला उमरेडमार्गे भिवापूरला जाणारी गाडी फलाटावर लागल्याचं सांगावंसं वाटतं. माईकवर मी शुद्ध बोलतो आणि घरी नागपुरी, असा आमच्या प्रेमिलाबाईंचा माझ्यावर आरोप आहे. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा तो मान्य करून पुढे जातो.

रुपरावजींनी मला बजावलं आहे की दहा मिनिटांत आटपा. एसटीची दहा मिनिटं किती असतात हे त्यांना मी सांगायला नको.

तर मंडळी, आपल्या या वाचनालयात दर रविवारी सकाळी ज्येष्ठांसाठी फोटो दुरुस्तीचा वर्ग भरतो, हे तुम्हाला माहीत आहे. मॅडम सीताबर्डीला एका स्टुडिओत नोकरी करतात. लग्नाचे अल्बम तयार करायचे, नवरीच्या कपाळावरचा घाम पुसायचा, मामाचं पोट आत घ्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. हप्त्याभर हे करून थकलेली मुलगी रविवारी अंथरुणात लोळेल की नाही? पण ह्यांनी फळ्यावर सूचना लावली: ‘घरातले जुने फोटो स्वतः दुरुस्त करायला शिका.’ आणि आम्ही आलो. कोण कशासाठी आलं ते विचारू नका. आमचे बापूजी भोयर आले ते त्यांच्या पियुषने पाठवलं म्हणून. बापूजी रोज पहाटे सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवायचे. पोरगा म्हणाला, ‘बाबा, त्यापेक्षा काहीतरी शिका, लोक माझ्याकडे तक्रार करून राहिले.’

सुरुवातीचे दिवस काय वर्णावे? बापूजींची जमीन कन्हानजवळ. नांगर आणि ट्रॅक्टर धरलेला हात तो. माऊसचं बटण त्यांनी असं दाबलं की पलीकडच्या खोलीत पेपर वाचणारे दचकले. वर्गातल्या मायाताईंना फोटोतली हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढायची होती. त्यांनी ती काढली, आणि तिच्यासोबत मानही गेली. माझं काय विचारता! मला एका घराच्या फोटोतली विजेची तार पुसायला दिली होती. तार पुसली गेल्याचा मला इतका आनंद झाला की मी खांबही पुसला, मग शेजाऱ्याची पाण्याची टाकी पुसली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘काकाजी, घर छान दिसतंय. फक्त आता त्यात राहायचं कसं?’

हसा, हसा. पण मला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. मॅडम मागे उभ्या राहायच्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असत. शाळेत पोरं कवायतीला ‘विश्राम’ म्हटल्यावर उभी राहतात ना, तसे. आमचं कुणाचंही काम त्यांनी दोन मिनिटांत उरकलं असतं. पण वर्षभरात ह्या बाईंनी आमच्यापैकी एकाचंही काम करायला माऊस हातात घेतला नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, ‘मॅडम, घ्या, तुम्हीच करून दाखवा.’ तर म्हणाल्या, ‘मी माऊस घेतला ना काकाजी, तर तुम्ही नुसते पाहत बसाल, अन् घरी गेल्यावर मलाच फोन कराल.’

त्यांचा दुसरा नियम होता, ओरिजिनलला हात लावायचा नाही. फोटो उघडला की आधी त्याची प्रत काढायची आणि काय गोंधळ घालायचा तो प्रतीवर घालायचा. दर रविवारी हे वाक्य आमच्याकडून त्या म्हणून घ्यायच्या. बापूजी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचे.

आता मी वर्गात कशासाठी आलो ते सांगतो. त्याशिवाय मॅडमनी आमच्यासाठी काय केलं हे तुम्हाला कळणार नाही.

ह्या जानेवारीत आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्न कामठीच्या बुद्धविहारात लागलं. फोटो निघाला एकच. फोटोग्राफरच्या रोलमध्ये एकच शिल्लक होता, बाकी त्याने सकाळी दुसऱ्या लग्नात संपवले होते. त्या फोटोत प्रेमिलाबाई खुर्चीवर बसल्या आहेत, उजव्या हाताने छातीपाशी पदर धरला आहे, डावीकडच्या खिडकीतून उजेड येतो आहे. मागे मी उभा आहे. माझ्याबद्दल एवढंच सांगतो की माझे कान तेव्हाही एवढेच होते.

प्रेमिलाबाईंच्या अंगावर पांढरी साडी आहे. साधी, सुती, बारीक काठाची. ती साडी माझ्या सासूबाईंची. छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी ती नेसून त्या कामठीहून पायी नागपूरला आल्या होत्या, कडेवर लेकरू घेऊन. नंतर त्यांनी ती धुऊन, घडी घालून ठेवली आणि लेकीच्या लग्नात तिला नेसवली. आमच्याकडे नवरीची साडी पांढरीच. पण ही पांढरी दुकानातून आलेली नव्हती, सासूबाईंच्या त्या दिवसातून आलेली होती. घरात सोनं नव्हतं. द्यायला होती ती हीच एक वस्तू.

हा फोटो आमच्या समोरच्या खोलीत भिंतीवर होता. त्याच भिंतीसमोर उन्हाळ्यात कूलर. नागपूरचा कूलर म्हणजे काय ते तुम्ही जाणता, माणसाला थंड करतो आणि भिंतीला ओलं. वर्षानुवर्षं ती ओली हवा खाऊन फोटो काचेला चिकटला. त्यावर चट्टे पडले, एक ओरखडा थेट माझ्या नाकावरून गेला. मी ठरवलं की हा फोटो मीच दुरुस्त करायचा आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसमोर ठेवायचा. तिला म्हटलं, फ्रेम दुरुस्तीला दिली. भिंतीवरच्या मोकळ्या जागी कॅलेंडर टांगलं.

मॅडमनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, काचेतून काढू नका, काचेसकट स्कॅन करू. तसा केला, आणि वाचनालयाच्या पेनड्राइव्हवर ठेवला. किती शहाणपणाचं बोलल्या ते लवकरच कळलं. पुढे मी काच बदलायला दिली, तर एका फ्रेमवाल्याने ‘निघते ना काकाजी, टेन्शन नका घेऊ’ म्हणत तो काचेपासून ओढला. फोटो निघाला, पण पापड मोडावा तसा तुकड्या-तुकड्यांनी निघाला. आता आमच्या लग्नाचा पुरावा म्हणून उरली ती पेनड्राइव्हवरची एक फाईल.

मी काम सुरू केलं. चेहऱ्यावरचे डाग एकेक करून पुसले. नाकावरचा ओरखडा काढायला माझे दोन रविवार गेले. शेजारच्या कॉम्प्युटरवर बापूजी असायचे. ते त्यांच्या बैलजोडीचा फोटो उजळत होते, पण निम्मं लक्ष माझ्या पडद्यावर. हळूहळू आमची गट्टी जमली. चहा त्यांनी सांगायचा, बिस्किटं मी न्यायची.

मग मला लेकीकडे, आमच्या प्रीतीकडे, चंद्रपूरला जावं लागलं. एक रविवार चुकला. परत आलो तर बापूजी दारातच उभे. मोठा पडदा लावलेला, सगळा वर्ग त्यांनी आधीच बसवून ठेवलेला, आणि चेहऱ्यावर पोराचा निकाल लागल्यासारखा आनंद.

‘बस गा देवाजी,’ म्हणाले. ‘तुह्यासाठी एक गंमत करून ठेवली.’

पडद्यावर माझ्या लग्नाचा फोटो आला. प्रेमिलाबाई हिरव्यागार शालूत. मंडळी, हिरवा म्हणजे काय हिरवा! पोपटानेही मान खाली घालावी असा. आणि मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा.

 बापूजी सांगत सुटले. ‘मले तं पाह्यल्यापासून कसंतरीच होये. तू असा जित्ताजागता माह्या बाजूले बसून राहिला, अन् फोटोत वहिनी पांढऱ्यात! मंग माह्या ध्यानात आलं, जुना फोटो हाये, त्याच्यात रंग कुठून येईन? मी म्हटलं, नवरीचा रंग आपण वापस आणू. दोन दिवस येऊन बसलो गा. वहिनीले आता सवाष्णीवाणी करून टाकली का नाई?’

मी विचारलं, ‘बापूजी, पहिला फोटो कुठी हाये?’

‘हाच तं हाये,’ म्हणाले. ‘ह्याच्यातच केलं सारं.’

 मॅडमचे हात त्या दिवशी पहिल्यांदा पाठीमागून पुढे आले. त्यांनी पेनड्राइव्ह उलटापालटा करून पाहिला, कॉम्प्युटरचा कानाकोपरा शोधला. मूळ फोटो नव्हताच. दर रविवारी नियम म्हणूनही ना मी प्रत काढली होती, ना बापूजींनी. बापूजी तर भिंत रंगवावी तसा जाड रंग मारून, वरून सेव्ह करून मोकळे झाले होते. साडीच्या निऱ्या, घड्या, पदर धरलेला तो हात, सगळं त्या हिरव्याखाली गेलं होतं. चेहरे तेवढे वाचले.

मग मी बापूजींना साडीची गोष्ट सांगितली. आत्ता तुम्हाला सांगितली तशी हसतखेळत नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? बापूजींचा चेहरा उतरत गेला. एवढंच म्हणाले, ‘पण देवाजी, मी तुमच्यातल्या इतक्या लग्नाले गेलो. एकबी नवरी पांढऱ्यात पाह्यली नाई.’

आता ह्यात थोडं खरं आहे. बापूजी कोणत्याही लग्नाला जातात ते पंगतीची वेळ साधून. तोवर विधी आटोपलेला असतो आणि आमच्या मुलीही आजकाल पांढरी बदलून रंगीत शालू नेसून स्टेजवर बसलेल्या असतात. आणि पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणाल, तर तेव्हा कन्हानच्या भोयरांनी कामठीच्या गजभियेंच्या लग्नात यावं, पानावर बसावं, असा तो काळ होता का? अध्यक्ष महोदय, आपण दोघंही त्या काळातले आहोत, जास्त बोलत नाही. बापूजींनी पाहिलं नव्हतं, कारण त्यांना पाहायला मिळालंच नव्हतं. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या दिवशी मी माझी पिशवी उचलली आणि घरी गेलो.

पुढच्या रविवारी बापूजींची खुर्ची रिकामी. ते पोराचं घर सोडून कन्हानला शेतावर जाऊन बसले होते आणि फोन उचलत नव्हते. इकडे वाढदिवस जवळ येत चाललेला. मी मॅडमना म्हटलं, आता तुम्हीच काहीतरी करा. त्या म्हणाल्या, ‘काकाजी, साडी मी काढून देऊ शकते. पण घड्या माझ्या मनच्या पडतील. ती कोणती तरी साडी होईल, तुमच्या सासूबाईंची होणार नाही. ती साडी घरी आहे का?’

साडी घरी होती. पण ती मागायची म्हणजे प्रेमिलाबाईंना सगळं सांगणं आलं.

प्रवाशांनी भरलेली गाडी ब्रेकडाऊन झाल्यावर चाळीस जणांसमोर जाऊन उभं राहण्याचं काम मी नोकरीत पुष्कळदा केलं आहे. पण त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात मी जसा उभा होतो तसा कधी उभा राहिलो नाही. मोबाईल पुढे केला आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘हिरवा रंग मले शोभून राहिला, नाई?’

मी हसणार तेवढ्यात तिचा आवाज बदलला. ‘अन् माह्या मायची साडी कुठी गेली ह्याच्यातून?’

मंडळी, हे विचारताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या कधी फोटोसमोर उभ्याच राहिल्या नाहीत. त्यांचं जे काही फोटोत होतं, ती ही साडी. म्हणून तर ह्या बाईने तो डागाळलेला फोटो कधी भिंतीवरून उतरू दिला नव्हता. पन्नास वर्षं एका घरात राहून हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं आता बापूजींचा उद्धार होणार. प्रेमिलाबाईंनी पदराने डोळे पुसले, माझाच फोन घेतला आणि थेट पियुषला लावून म्हणाल्या, ‘तुझ्या बाबांच्या शेजारच्याचा नंबर दे.’ शेतातल्या शेजाऱ्याने फोन नेऊन दिला. बापूजी लाईनवर आले तशा ह्या म्हणाल्या, ‘भाऊ, साडी तुम्ही रंगवली. आता धुवाले तुम्हीच या.’

बापूजी रविवारी आले. हातात तुरीच्या शेंगांची ही एवढी थैली, आणि मान खाली.

त्या सकाळी प्रेमिलाबाई आईची साडी नेसून वाचनालयात आल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच ती घडी मोडली होती. पेपर वाचायला आलेली मंडळीसुद्धा उठून उभी राहिली. का उभे राहिलो ते कुणालाच सांगता आलं नसतं. मॅडमनी जुन्या फोटोतला उजेड पाहून खुर्ची बरोबर खिडकीच्या उजवीकडे मांडली. सावली फार गडद पडू नये म्हणून दुसऱ्या बाजूने पांढरा थर्माकोल धरायचा होता. तो बापूजींनी धरला. हात भरून आले, तरी दुसऱ्याला देईनात.

मधेच म्हणाले, ‘वहिनी, हेच साडी नेसून त्या पायदळ आल्या होत्या? कामठीहून?’

‘होय भाऊ.’

‘अन् मी तिच्यावर रंग फासला.’

‘भाऊ,’ आमच्या प्रेमिलाबाई म्हणाल्या, ‘थर्माकोल सरळ धरा. माह्या नाकावर अंधार येऊन राहिला.’

आणि मग काम सुरू झालं. नव्या फोटोतली साडी उचलायची आणि जुन्या फोटोतल्या वीस वर्षांच्या मुलीला नेसवायची. घडीला घडी, काठाला काठ. माऊस बापूजींच्या हातात. मागे मॅडम, दोन्ही हात पाठीशी. ‘काका, जरा वर. काका, हा काठ खांद्यावरून वळतो, बघा. काका, परत.’ वाढदिवस तोंडावर आला, काम संपेना. मला धीर धरवेना. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, ‘हात जोडतो, आता तुम्हीच करून टाका. बापूजी काही म्हणणार नाहीत.’

मॅडम काय म्हणाल्या ते मी इथे मुद्दाम सर्वांसमोर सांगतो. म्हणाल्या, ‘काही नाही म्हणणार काकाजी. म्हणूनच नको. मी केलं तर फोटो होईल, पण बापूजी काका पुन्हा ह्या वर्गात यायचे नाहीत. तुमच्या घरी तर कधीच नाही. तुम्ही त्यांना चहा सांगा.’

वंदनाताई, तुम्ही ही मुलगी कशी वाढवली हो? आम्ही साठी ओलांडली तरी आम्हाला हे सुचलं नाही. मी मुकाट्याने जाऊन चहा सांगितला, आणि बिस्किटंही मीच आणली.

साडी जमली. शेवटी राहिला पदर धरलेला हात. तो चुड्याखाली गेला होता, त्यामुळे तोही नव्या फोटोतूनच घ्यावा लागला. बापूजींनी तो नेमका जागेवर बसवला. पण हात आताचा! शिरा वर आलेल्या, बोटांची पेरं सुजलेली, भाकरीच्या तव्याचा जुना डाग. वर चेहरा वीस वर्षांचा. बापूजी म्हणाले, ‘थांबा वहिनी, हे मले येते,’ आणि त्यांनी कातडी मऊ करायचा ब्रश घेतला. एक-दोन हात फिरवले असते की सगळं गुळगुळीत झालं असतं.

प्रेमिलाबाई म्हणाल्या, ‘राहू द्या भाऊ.’

‘काहून वहिनी? कसा दिसते तो!’

‘चेहरा तेव्हाचा असू द्या,’ ती म्हणाली. ‘हात आताचाच राहू द्या. सारं काम त्यानंच केलं.’

बापूजींनी ब्रश ठेवला. मी खिडकीपाशी जाऊन उगाचच बाहेर रस्त्याकडे पाहत राहिलो. बसस्थानकावर मी हजारो माणसांना निरोप देताना पाहिलं आहे, मला सहसा रडू येत नाही. त्या दिवशी आलं. मागे पाहिलं तर मॅडमही हात मागे बांधून उभ्या होत्या आणि डोळे पुसायला हात नव्हता म्हणून ते तसेच वाहत होते.

फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. कूलरसमोर नाही, दुसऱ्या भिंतीवर. येणारा जाणारा विचारतो, नवरीचा हात असा कसा? प्रेमिलाबाई प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्यापासून सांगतात. बापूजी तिथे असले तर हिरव्या शालूचा भाग ते स्वतः सांगतात, आणि दर वेळी तो शालू आणखी थोडा हिरवा होतो. वाढदिवसाला ते सहकुटुंब आले होते. पंगतीच्या वेळी नव्हे हो! सकाळी बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले. पांढरा सदरा घालून.

असो. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहून राहिले, म्हणजे पाहत आहेत. माईकवर आहे मी, क्षमा करा.

मॅडम, तुम्ही आता हैदराबादला चालल्या. मोठी कंपनी, मोठं काम. आनंद आहेच, आणि वाईटही वाटतं, दोन्ही सांगतो. तुम्ही आम्हाला डाग पुसायला शिकवलं म्हणून आम्ही तुमचे आभारी आहोत. पण कोणता डाग पुसायचा नाही हे कळेपर्यंत तुम्ही आमच्या मागे थांबून राहिल्या, त्याबद्दल मी कोणत्या शब्दांत आभार मानू? प्रवाशांना सूचना देण्यापलीकडे माझ्याजवळ शब्द नाहीत.

वर्गाच्या वतीने एक छोटी भेट आहे. बापूजी, आणा जरा ती फ्रेम इकडे. सांभाळून! हा आपल्या वर्गाचा फोटो. वर्षभरात जेवढे गटाचे फोटो निघाले ते सगळे मॅडमनीच काढले, म्हणून एकातही मॅडम नाहीत. आम्ही त्यांना आत आणलं आहे. ह्या बघा, मधोमध उभ्या आहेत, हात पाठीमागे. काम सगळं बापूजींनी केलं. मूळ फोटोची प्रत आधी काढली होती, ह्याची मी स्वतः खात्री केली आहे.

फक्त एक चूक राहिली. आमच्या सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत आणि मॅडमची एकटीची उजवीकडे. फ्रेम झाल्यावर कळलं. मॅडमच्या ते केव्हाच ध्यानात आलं आहे, त्यांचा चेहरा बघा.

हा कार्यक्रम घडवून आणणाऱ्या वाचनालयाच्या कार्यकारिणीचे, रुपरावजींचे, वंदनाताईंचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडीलकीच्या भरात माझ्या बोलण्यात कुठे रंग जास्त झाला असेल, कुणाची सावली चुकीच्या बाजूला पडली असेल, तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या. आणि मॅडम, तो फोटो हैदराबादला गेल्यावर दुरुस्त करायचा नाही. भिंतीवर लावायचा, समोर उभं राहून पाहायचा, आणि हात मागेच ठेवायचे.

जय भीम. नमस्कार.